मोजून सांगणाऱ्या फडोळबाई

फडोळबाईंसमोर 'बहुतेक' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. शिपाई सांगायचा, "बाई, प्राचार्य बहुतेक आलेत." लगेच चष्म्यावरून बघत बाई विचारायच्या, "बहुतेक म्हणजे किती आलेत? कमरेपर्यंत?" शिपाई हसत हसत पुन्हा जिना चढायचा आणि बघून यायचा. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, "आज बहुतेक पाऊस पडेल," तर बाई डब्यातला घास हातात धरून अशा काही थांबायच्या, की बोलणाऱ्याला आपणच खिडकीबाहेर डोकावून यावंसं वाटायचं. माझी तर पंचाईतच होती. मी मराठी शिकवायची. 'इथे कवीला बहुतेक असं म्हणायचं असावं' या एका वाक्यावर माझे निम्मे तास चालायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या कॉलेजात लागले. मुलींचं कनिष्ठ महाविद्यालय, नाशिकच्या गावठाणात. खाली शाळा, वर आम्ही. मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. व्होकेशनलच्या मुलींची इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा ती हीच. तिथं उन्हाळ्यात भट्टी पेटायची आणि पावसाळ्यात बोलणं ऐकू यायचं नाही. त्या खोलीवर शकुंतला फडोळ यांचं राज्य होतं.

बाई मखमलाबादच्या. भावाचा मळा होता. कोथिंबीर, मेथी, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. बाईंनी लग्न केलं नव्हतं, का केलं नव्हतं हे कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसांची जाड वेणी, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांचे तळवे रबरी असतात, शॉक बसत नाही, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. लग्नाला, वाढदिवसाला, प्राचार्यांच्या घरच्या सत्यनारायणालाही त्या तेच बूट घालून येत. सकाळी लुनावरून यायच्या. पुढे पायाशी भाजीचं गाठोडं असायचं, ते वाटेत मंडईत उतरवून द्यायच्या आणि मग कॉलेज. त्यामुळे पहिल्या तासाला त्यांच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचा वास कमी आणि मेथीचा जास्त असायचा.

शहरात बाई शुद्ध बोलायच्या. पण आनंद झाला किंवा राग आला की मळा बाहेर यायचा. 'लय' आणि 'नाय' सुरू झालं की मुली ओळखायच्या, आता गंमत आहे किंवा आता धडगत नाही. कोणतं ते चेहऱ्यावरून कळायचं.

त्यांची माझी पहिली ओळख एका डब्यामुळे झाली. मधल्या सुट्टीत त्या टेबलावर मिसळणाचा डबा उघडून बसल्या होत्या, घरोघरी असतो तसा, स्टीलचा, आत सात वाट्या. मला वाटलं बाई भाजीला वरून तिखट घेतात की काय. वाकून पाहिलं तर मोहरीच्या जागी मसुरीच्या डाळीएवढ्या पिवळट चकत्या, हळदीच्या जागी निळ्या बाटल्यांसारखे दाणे, आणि मधल्या वाटीत दोन-दोन पाय फुटलेल्या काळ्या नळकांड्या.

"हे काय हो?"

"कपॅसिटर. मुलींना सापडायला बरे. स्वयंपाकघरात हात आपोआप योग्य वाटीत जातो ना, तसा इथंही जायला पाहिजे."

"आणि हे काय करतात?"

"वीज साठवतात. थोडीशी. मागितली की परत देतात." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बघायचंय का?"

बघायचं आहे असं मी म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी वेळापत्रकात बदली तास माझ्या नावावर पडला, आणि तो प्रयोगशाळेत होता. बाईंना बोर्डाच्या कामाला जायचं होतं. पण जाण्याआधी पंधरा मिनिटं त्या थांबल्या, मुलींसाठी नव्हे, माझ्यासाठी.

तेव्हा डिजिटल मीटर आलेला नव्हता. काळा, जाडजूड, काट्याचा मल्टिमीटर होता, त्याला बाईंनी लोकरीचा अंगरखा विणला होता. त्यांनी तो रोध मोजायच्या खुणेवर ठेवला, मधल्या वाटीतली एक काळी नळकांडी घेतली, आधी तिचे दोन्ही पाय एका छोट्या रेझिस्टरने जोडून आतली उरलीसुरली वीज काढून टाकली, आणि मग मीटरच्या दोन तारा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लावा."

मी लावल्या. काटा एकदम उजवीकडे झेपावला आणि मग, कोणी तरी त्याचा पदर मागे ओढावा तसा, हळूहळू डावीकडे सरकत पुन्हा जागेवर गेला.

"मीटरमधल्या सेलने तो भरला. भरत होता तोवर काटा तिकडे, भरला की परत घरी. म्हणजे कपॅसिटर धडधाकट. जो तिकडेच बसून राहील तो आतून चिकटलेला. जो हललाच नाही तो तुटलेला, नाहीतर या मीटरला न दिसण्याइतका लहान. आणि अर्ध्या वाटेत अडकला तर गळका."

"पुन्हा करू?" मी विचारलं. मी तिशीची, दोन मुलांची आई, एम.ए. झालेली बाई होते, आणि मला त्या काट्याची उडी पुन्हा बघायची होती.

"आधी रिकामा करा," बाई म्हणाल्या. "भरलेल्याला मोजायला गेलं तर तो मीटरलाच मारतो."

त्या तासाला मराठी झालंच नाही. मुली आणि मी, आम्ही मिळून त्या डब्यातले निम्मे कपॅसिटर मोजले.

बाईंचा वर्षारंभाचा एक विधी होता. नव्या मुली आल्या की पहिल्याच दिवशी त्यांना भिंतीला टेकून उभं करायच्या. टेबलावर एक कपॅसिटर मुद्दाम उलटा जोडायचा, वजाच्या जागी अधिक, त्यावर स्टीलचं पातेलं पालथं घालायचं आणि दूर जाऊन वीज सोडायची. काही क्षण काहीच व्हायचं नाही. मुली कुजबुजायला लागायच्या. आणि मग पातेल्याखाली धाडकन बार. पातेलं उडायचं, कागदाचा भुगा बाहेर यायचा, घाणेरडा वास सुटायचा, मुली किंचाळायच्या.

एका वर्षी नेमके तेव्हाच प्राचार्य रहाळकर सर संस्थेच्या एका पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून चालले होते. सर तसे शांत गृहस्थ, पण धावत आत आले. "काय फुटलं? काय फुटलं?"

"कपॅसिटर फुटला सर."

"कसा?"

"मी फोडला."

"अहो पण का?"

"घाबरायचं ते आजच घाबरून घेऊ दे म्हटलं. उद्यापासून काम आहे."

पाहुणे हसले, म्हणून सरांनाही हसावं लागलं. नंतर त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून पातेलं कुणाचं आहे असं विचारलं. कॉलेजच्या चहाचं निघालं. तेव्हापासून बाई घरचं पातेलं आणायला लागल्या, पण बार काही चुकला नाही.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्या पंख्यासाठी. आम्ही पंचवटीत राहायचो. माझे सासरे, अण्णा, गोदाकाठी पौरोहित्य करायचे; यजमानांचे विधी, श्राद्धं, मुहूर्त. माझा नवरा बँकेत. घरात विजेचं कोणाला काही कळत नव्हतं. त्या वर्षी एप्रिलात बैठकीचा पंखा बिघडला होता. बटण दाबलं की नुसता घुमायचा. मग नवरा झाडूच्या दांड्याने पातं ढकलायचा, की सुरू व्हायचा, तोही रडत रडत. मी हे स्टाफरूममध्ये गंमत म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी लुना दाराशी हजर.

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी बूट पाहिले, साडी पाहिली, पिशवीतून निघालेला स्क्रू ड्रायव्हर पाहिला.

"मेस्त्री कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"मीच," फडोळबाई म्हणाल्या. "शिडी आहे का घरात?"

"बाई, तुम्ही शिडीवर चढणार? या वयात?"

"तुम्ही चढता का? मग मी खाली थांबते."

अण्णांनी झोपाळा थांबवला. बाईंनी आधी मीटरच्या पेटीतला फ्यूज काढला आणि आपल्या कमरेला खोचलेल्या रुमालात बांधला. "घरात माणसं असली की कोणाचा ना कोणाचा हात बटणाकडे जातोच." मग वर चढून पंख्याच्या टोपीखालून पांढरा डबीसारखा तुकडा काढून आणला, नेहमीप्रमाणे रिकामा केला. तोवर कॉलेजात नवा डिजिटल मीटर आला होता, कपॅसिटर थेट मोजणारा. तो त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. आकडा आला, आणि त्यांनी मीटर अण्णांसमोर धरला.

"यावर छापलंय अडीच. भरतंय एकसुद्धा नाही. पंख्याला सुरुवातीचा धक्का हा देतो. याच्यातलं बळ गेलं म्हणून तुमच्या मुलाला झाडू घ्यावा लागतो."

अण्णांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज आता वेगळा होता, "नक्की? की बहुतेक?"

बाई एकदम खुलल्या. "बहुतेक नाय अण्णा! मोजलंय!"

"बरोबर. आमच्याकडेही चालत नाही ते. मुहूर्त बहुतेक सव्वादहाचा, असं सांगितलं तर यजमान दारात उभा करणार नाही."

नवीन कपॅसिटर बाईंच्या पिशवीत होताच. पंखा सुरू झाला तेव्हा अण्णांचं पंचांग झोपाळ्यावरून उडून देवघरापर्यंत गेलं. त्या दिवशी बाई जेवूनच गेल्या, आणि जेवताना दोघं सूर्योदयाच्या वेळेवरून तासभर बोलत होते. पुढे मी कॉलेजातून आले की अण्णा आधी विचारायचे, "तुमच्या त्या मोजणाऱ्या बाई कशा आहेत?"

आता ती परीक्षेची गोष्ट सांगते. बाई म्हणजे काय होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आले होते. मध्यमवयीन, बारीक मिशीचे, दुपारच्या गाडीने परत जायची घाई असलेले. मला सह्या आणि उत्तरपत्रिका सांभाळायला बसवलं होतं. वर्गात एक होती मंगल, चांदवडकडची, कांद्याच्या शेतावरची, नाशिकला मावशीकडे राहून शिकणारी. बोलायची फार थोडं. दुसरी अश्विनी, फडोळबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. घरात आत्या आणि वर्गात बाई, अशी तिची दुहेरी कसरत चालायची.

प्रयोग साधा होता. प्रत्येकीला एक कपॅसिटर द्यायचा, तिने तो रिकामा करून डिजिटल मीटरवर मोजायचा आणि आकडा लिहायचा. कपॅसिटर दहा मायक्रोफॅरडचे. मीटर एकच, म्हणून मुली रांगेने टेबलाशी जायच्या. परीक्षक उत्तरपत्रिका चाळत होते. नऊ पूर्णांक नऊ. दहा. दहा पूर्णांक एक. दहा. मग मंगलची आली. सात पूर्णांक एक.

त्यांनी लाल रेघ ओढली. "हिला मीटर वाचता येत नाही. दहाच्या जागी सात?"

मंगल उभी होती. तिच्या तोंडून एवढंच आलं, "सर, सातच आलं."

"बाकी सगळ्यांना दहा येतं आणि तुलाच सात?"

मंगलने फडोळबाईंकडे पाहिलं. बाई पुढे झाल्या. "सर, तो कपॅसिटर आपण मोजू या. तिचं चुकलं असेल तर रेघ राहू द्या."

मोजला. मीटरवर आकडा स्थिर झाला. सात पूर्णांक एक.

परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्यांनी आपली लाल रेघ स्वतःच खोडली, बाजूला सही केली. पण मग त्यांच्या लक्षात आलं. "हे सगळे एकाच पुड्यातले आहेत ना?"

"हो. जुना साठा आहे. या पत्र्याखाली कपाटात पडून वाळले असणार."

"मग बाकीच्या मुलींचे दहा कसे आले?"

दारात रहाळकर सर येऊन उभे राहिले होते. मला ठाऊक होतं, सरांनी आदल्याच आठवड्यात बाईंना सांगितलं होतं, की या वर्षी निकाल पूर्ण लागला नाही तर व्होकेशनलची तुकडी बंद करायचा संस्थेचा विचार आहे. मुलींना हवंय कशाला इलेक्ट्रॉनिक्स, असं म्हणणारे तिथे काही कमी नव्हते. सर बाईंकडे बघत होते. बाईंना सहज म्हणता आलं असतं, की मंगलचा जास्त वाळला, बाकीचे टिकले. कोणी एकेक पुन्हा मोजून बघणार नव्हतं. परीक्षकांची गाडी दुपारची होती.

बाईंनी रांगेतून एकेका मुलीकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी अश्विनीकडे.

"त्यांनी मोजलं नाही सर," त्या म्हणाल्या. "वरचं छापील वाचलं, फार तर थोडं खालीवर केलं आणि लिहिलं."

सर आत आले. "फडोळबाई, जरा इकडे येता का?"

"इथंच बोलू सर. मुलींच्या समोरच बोलायला पाहिजे." मग त्या परीक्षकांना म्हणाल्या, "तुम्ही परवानगी दिली तर पुन्हा घेऊ. आत्ता. नाहीतर जे मार्क व्हायचे ते होऊ द्या."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मिशीवरून बोट फिरवलं. "संध्याकाळची एक गाडी आहे म्हणा," ते म्हणाले.

"पण छापलेलं दिसायला नको," बाई म्हणाल्या. त्यांनी चिकटपट्टी शोधली, कागद चिकटवून पाहिला, तो निघून येत होता. मग एकदम मुलींकडे वळल्या. "कोणाच्या पर्समध्ये नेलपॉलिश आहे?"

नेलपॉलिशला आमच्या कॉलेजात बंदी होती. सापडलं तर पालकांना बोलावणं यायचं. मुली एकमेकींच्या पर्सकडे बघायला लागल्या.

"आज शिक्षा नाय. सरांच्या देखत सांगते."

रहाळकर सरांनी नाइलाजाने मान हलवली. काही वेळाने अश्विनीने पर्स उघडली आणि लालभडक बाटली टेबलावर ठेवली. फडोळबाईंनी बाटलीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि मला शपथेवर सांगता येईल, की त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

मग आम्ही बसलो. फडोळबाई, मी आणि मिशीवाले परीक्षक, तिघं टेबलाभोवती बसून एकेका कपॅसिटरवरचा आकडा लाल रंगाने झाकत होतो. वजाची पट्टी तेवढी उघडी ठेवायची, बाईंनी दोनदा बजावलं. परीक्षकांचा हात माझ्यापेक्षा बराच सफाईदार होता. निरनिराळ्या पुड्यांतले कपॅसिटर मिसळले, वाळू दिले, आणि मुलींनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येकीने रिकामा केला, प्रत्येकीने लावला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. तीन पूर्णांक दोन, सात पूर्णांक चार, चार पूर्णांक सहा. कागदावर पहिल्यांदाच निरनिराळे आकडे येत होते. परीक्षकांनी पहिल्या खेपेचे थोडे थोडे मार्क कापले, अश्विनीचेही, आणि संध्याकाळच्या गाडीने गेले.

सगळं आवरल्यावर अश्विनी रडत होती. फडोळबाई तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. रागावतील असं मला वाटत होतं.

"तुला मोजता येत नव्हतं का?" त्यांनी हळू विचारलं.

"येत होतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा सातच आलं होतं, आत्या."

"मग?"

"त्याच्यावर दहा छापलेलं होतं. मला वाटलं माझंच चुकलं. छापलेलं खोटं कसं असेल?"

बाईंनी तिचे हात आपल्या हातात घेतले. दोघींच्याही बोटांना लाल डाग लागले होते.

"खोटं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "जुनं झालं होतं."

अश्विनी गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. त्या पिशवी भरता भरता थांबल्या. "दीक्षितबाई, मी यांना मोजायला शिकवलं. आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायला शिकवायचं राहूनच गेलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पुसायच्या आधी त्यांनी मीटर बंद केला, सेल उतरतो ना.

निकाल लागला. सगळ्या मुली पास झाल्या, मंगल वर्गात पहिली आली. तुकडी राहिली. अश्विनीच्या वडिलांनी मात्र बहिणीशी महिनाभर अबोला धरला. सख्ख्या भाचीचे मार्क आत्याने कापून घेतले, हे मळ्यात कोणाला पटलं नव्हतं. तो अबोला मोडला तो अश्विनीनेच. तिने पॉलिटेक्निकला अर्ज केला, आणि इलेक्ट्रॉनिक्सच हवं म्हणून हटून बसली. आता ती अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते, असं ऐकते.

त्या वर्षापासून बाई दर जूनमध्ये मेन रोडवरच्या एका दुकानातून लाल नेलपॉलिशच्या बाटल्या एकदम घ्यायच्या. मी एकदा बरोबर होते. दुकानदाराने बाईंचे बूट पाहिले, बाटल्या पाहिल्या आणि अदबीने विचारलं, "मॅडम, घरात लग्न आहे का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "परीक्षा आहे."

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा असायची. सगळी हत्यारं, सोल्डरिंगच्या काड्या, मीटर ओळीने मांडलेले आणि प्रत्येकाला मळ्यातला एकेक झेंडू. पूजा सांगायला एका वर्षी अण्णा स्वतः आले. पत्र्याच्या त्या खोलीत, मुलींच्या गराड्यात बसून त्यांनी मंत्र म्हटले, आणि प्रसाद वाटताना फडोळबाईंना विचारलं, "नारळ फोडायचा कोणी? तुम्हाला बार काढायची सवय आहे म्हणतात." मुली अशा हसल्या, की खालच्या शाळेतून कोणीतरी चौकशीला वर आलं.

दोन हजारनंतर दिवस बदलले. मुलींना कॉम्प्युटर हवा होता. तुकडी पहिल्यांदा निम्मी झाली आणि मग बंद झाली. कोणी बंद केली असंही नाही, त्या वर्षी अर्जच आले नाहीत. बाईंनी भांडण केलं नाही. निवृत्तीला थोडी वर्षं होती, ती त्यांनी शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवून काढली. निरोप समारंभात रहाळकर सर मुद्दाम आले होते, खूप थकले होते. भाषणात म्हणाले, "फडोळबाई संस्थेत बहुतेक..." आणि स्वतःच थांबून हात जोडले. सभागृहभर टाळ्या पडल्या.

निवृत्तीनंतर बाई मळ्यात भाजी बघतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायला निघाल्या. पगार नाही, राहायला खोली, जेवण मुलांबरोबर. अश्विनीने फोन करून मला कळवलं, "आत्या ऐकत नाही हो, तुम्ही तरी सांगा." मी सांगायला म्हणून स्टँडवर गेले.

गाडी लागली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. शेजारी एक आदिवासी बाई, मांडीवर पाटी, पाटीत फडक्याखाली काहीतरी हलत होतं. मधूनच कोंबडीची चोच बाहेर यायची.

"अहो, तिथं ओळखीचं कोण आहे तुमच्या?" मी खिडकीखालून विचारलं.

"कोणी नाय."

"मग?"

"ओळखीच्यांना शिकवून झालं की आता." त्या हसल्या. "आणि लय हिरवं आहे म्हणतात तिकडं. तुम्ही या ना एकदा."

येते म्हटलं. गेले नाही, जाऊ जाऊ म्हणता राहिलं, आणि काही वर्षांनी एका पावसाळ्यात त्या तिथेच, साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. शाळेच्या आवारात मुलांनी गर्दी केली होती, असं अश्विनी सांगत होती.

पण मला दिसतात त्या स्टँडवरच्या. कंडक्टरने घंटी मारली, गाडी मागे सरकायला लागली. मी हात वर केला. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या शेजारच्या बाईला पाटीकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. तिने तिच्या बोलीतला एक शब्द सांगितला. फडोळबाईंनी तो म्हणून पाहिला. चुकला असावा, कारण ती बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि मान हलवून पुन्हा सांगू लागली. गाडी वळली. काचेतून शेवटचं दिसलं ते एवढंच: चष्मा नाकावर आलेला, मान शहाण्या मुलीसारखी पुढे झुकलेली, आणि तो शब्द नीट यावा म्हणून फडोळबाईंचे ओठ सावकाश हलत होते.